कचेरीतील आमंत्रण आणि आपला मुकाटपणा

आपली मुले-मुली शिकूनसवरून एबेनच्या आणि पोर्ट लुईच्या कचेऱ्यांत नोकरीला लागत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यापासूनच त्यांच्या संगणकावरील कॅलेंडरात बैठकांची आमंत्रणे येऊ लागतात. पुष्कळजण त्यांना उत्तरच देत नाहीत. विचारले तर म्हणतात, "साहेबांनी बोलावले म्हणजे जायचेच. त्यात कळवायचे काय?"

हे घरचे वळण आहे. वडीलधाऱ्यांनी हाक मारली की आपण मुकाट्याने जाऊन बसतो. घरात ते शोभतेही. कचेरीत मात्र कोण येणार हे पाहून खोली ठरते, विषय ठरतात. तुमच्या नावापुढे काहीच नसेल तर बोलावणाऱ्याला त्यात आदर दिसत नाही. नव्या माणसाने आमंत्रण पाहिलेच नाही, असे त्याला वाटते. घोटाळा असा की, उत्तर न दिलेली बैठकही बहुधा तुमच्या कॅलेंडरात दिसत राहते. तुम्ही निश्चिंत, आणि तिकडे काही पोहोचलेलेच नाही.

म्हणून शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्यावे. 'टेंटेटिव्ह' हे बटण संकोच लपवण्यासाठी नाही. खरोखरच काही ठरायचे असेल तरच ते दाबावे आणि नक्की केव्हा कळवाल तेही लिहावे. नकार देताना एका ओळीत कारण द्यावे, जमल्यास दुसरी वेळ सुचवावी. एकाच वेळी दोन बैठका आल्या, तर नवख्याने स्वतः निवड न करता आपल्या वरिष्ठांना विचारावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

फ्रान्सशी काम असणाऱ्यांनी दर आठवड्याची बैठक स्वीकारताना घड्याळही पाहावे. पॅरिसची सकाळी ९ ची बैठक त्यांच्या हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी १२ ला येते आणि उन्हाळ्यात ११ ला. घड्याळ ते बदलतात, आपण नाही.

खरी परीक्षा गणपतीत होते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि आपली सार्वजनिक सुट्टी २८ ला. म्हणजे मूर्ती घरी बसवण्याचा दिवस कामाचाच. परदेशी सहकाऱ्याच्या कॅलेंडरात तर यांपैकी एकही दिवस खास दिसत नाही. अशा वेळी काहीजण भिडेपोटी बैठक स्वीकारतात आणि त्या सकाळी आजारपणाचा फोन करतात. हे मला अजिबात पटत नाही. शंभर-दीडशे वर्षे उसाच्या मळ्यांत राबून ज्यांनी हा सण टिकवला, त्यांच्या नातवंडांनी तो तापाच्या नावाखाली का लपवावा? रजा आधी मागावी, मंजूर होताच दोन्ही दिवस कॅलेंडरात भरून टाकावेत. तरीही आमंत्रण आलेच तर नम्रपणे नाकारावे आणि सरळ लिहावे: "घरी गणपती आहे. शुक्रवारी सकाळी हजर आहे."