मळवण्याची कला

दिवाळी हा मळ काढण्याचा सण. महिनाभर आधी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात आणि चिंच लावून लख्ख होतात. भिंतींना चुना लागतो (आता चुना कुठला, डिस्टेंपर!), आणि उरलासुरला मळ नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याबरोबर अंगावरून निघून जातो. अशा दिवसांत मळ लावण्याच्या कलेवर लिहिणे औचित्याला सोडून आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. परंतु याच दिवसांत अंगणाअंगणांत मुलांचे किल्लेही उभे राहतात. किल्ला जर धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तो किल्ला न दिसता नुकताच वास्तुशांत झालेला बंगला दिसतो, असे माझे मत आहे. म्हणून लिहितो.

मी पेणला राहतो आणि रोह्याला कॉलेजात मराठी शिकवतो. गाडी पेण सोडते, कासू, नागोठणे, निडी घेते आणि रोह्याला पोचते. तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, पण माझा प्रवास तिथेच संपतो. पेणची ख्याती वाचकांना मी सांगायला हवी असे नाही. ज्यांनी पेण पाहिले नाही त्यांच्याही घरी पेणचा गणपती येऊन गेलेला असतो. शहरात आणि शेजारच्या हमरापूर-जोहे परिसरात घरोघर कारखाने आहेत. हा कारखाना म्हणजे धुराडे असलेली इमारत नव्हे. बहुधा पुढे ओटी, मागे पडवी, बाजूला पत्र्याची शेड, आणि या सर्वांत माणसांना बसायला जागा उरू नये इतके गणपती. तरी इथे त्याला कारखाना म्हणतात आणि मालकाला कारखानदार.

आमच्या आळीतच असा एक कारखाना आहे. मालकांना आम्ही सारे काका म्हणतो. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या ओटीवर जाऊन बसणे हा माझा जुना छंद. मूर्ती साच्यातून निघते, सांधे बुजवले जातात, ती वाळते, घासली जाते, तिच्यावर पांढरा हात बसतो, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, शेला, दागिने. अंगाचा रंग आणि त्यातली छटा हल्ली बहुतेक ठिकाणी स्प्रे गनने देतात. सर्वांत शेवटी येते ती डोळ्यांची आखणी. हे काम कोणी कोणावर सहजासहजी सोपवत नाही. काकांच्या कारखान्यात चाळीस वर्षे आखणी फक्त काकांनी केली. कुंचला डोळ्यावर टेकला की ओटीवर कोणी बोलायचे नाही, असा दंडक. पंखासुद्धा बंद.

त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. रोज गाडीने रोह्याला येई. तास चालू असताना वहीच्या मागच्या पानांवर तो बुरूज काढत बसे, हे मला दिसत असे. बुरूज चांगले असत म्हणून मी बोलत नसे. एकदा वर्गातली दहाबारा मुले घेऊन मी मेढ्याच्या बाजूने अवचितगडावर गेलो होतो. बाकीची मुले वर पोचल्यावर डबे उघडून बसली. हा मात्र तटाला नाक लावून उभा.

"काय पाहतोस रे?"

"सर, पावसाचे ओघळ कुठून सुरू होतात ते बघतोय. दगडाच्या मधून नाही होत. वरच्या सांध्यातून होतात."

मी मराठीचा माणूस. भग्न तटबंदी पाहिली की मला इतिहास आठवतो, थोडे उदास वाटते, आणि ते मला पुरते. या मुलाने मला प्रथमच दाखवले की जुनेपणालाही व्याकरण असते. चढावर माणसांचे पाय पडतात तिथे पायरी झिजून उजळते, कोपऱ्यात माती साठते. तटाच्या उघड्या अंगावर दगडफुलाचे पांढरट ठिपके, आणि जिथून पाणी निथळते त्याखाली काळी रेघ. जुने दिसण्यासाठी वस्तू नुसती काळी करून भागत नाही.

गणपती गेले की कारखाने ओस पडतात. भाद्रपद ते दिवाळी हे त्याचे हक्काचे दिवस. या दिवसांत तो किल्ल्यावरची चित्रे रंगवतो : मावळे, तोफा, घोडेस्वार, डोक्यावर घागर घेतलेली गवळण. बाजारातले मावळे तुम्ही पाहिलेच असतील. लाल अंगरखा, हिरवी विजार, गुलाबी गाल; लढाईला निघाले आहेत की लग्नाला, कळत नाही. हा तेच मावळे आणतो आणि मळवतो. त्याची रीत मी शेजारी बसून पाहिली आहे, ती सांगतो. घरी करून पाहण्यासारखी आहे.

आधीचा रंग पाण्यात कालवायचा, म्हणजे ॲक्रिलिक, असावा. तो पक्का वाळल्यावर त्यावर चकचकीत रोगणाचा एक हात. मग चित्रकारांच्या तैलरंगाच्या नळीतून बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग हरभऱ्याएवढा काढायचा, त्यात टिकलीभर काळा, आणि टर्पेंटाइन घालून तो इतका पातळ करायचा की रंगापेक्षा पाण्याचेच दर्शन अधिक व्हावे. हे पाणी कुंचल्याने मावळ्यावर सोडले की ते आपोआप अंगरख्याच्या चुण्यांत, कमरबंदाखाली, बोटांच्या फटींत उतरते. रोगणामुळे पृष्ठ गुळगुळीत झालेले असते म्हणून ते न अडखळता वाहते. थोड्या वेळाने जुन्या सुती धोतराचा तुकडा घेऊन उंच भागांवरचा रंग हलकेच पुसायचा. खळग्यात सावली राहते, उंचवट्यावर मूळ रंग उजळतो. बुरुजावर ओघळ हवा असेल तर सांध्यापाशी रंगाचा ठिपका ठेवून स्वच्छ, ओलसर कुंचल्याने तो सरळ खाली ओढायचा.

"पण तेलच का? पाण्याचा रंग पातळ करून चालणार नाही?" मी विचारले.

"पाण्याचा रंग वाळला की कडेला रेघ उमटते, सर. शिवाय तो वाळतो पटकन. तेल थांबतं. चुकलं तर तासाभराने पुसता येतं."

टर्पेंटाइन वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही, यात सारी युक्ती आहे. खालचा रंग तेलाचाच असेल तर तो उखडून येतो. आणखी एक गोष्ट, ही मुलांच्या आयांसाठी : टर्पेंटाइन पेट घेते. पणत्या लागण्याच्या वेळी हा उद्योग करू नये, खिडकी उघडी ठेवावी, आणि तैलरंगाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलाची फडकी आतल्या आत तापून आपणहून पेटू शकतात.

ही रीत पेणची नाही, हे उघड आहे. मुलगा ती पुस्तके चाळून आणि चित्रफिती पाहून शिकला. लढाईचे छोटे देखावे करणाऱ्या पाश्चात्त्य कारागिरांत अमेरिकेतला एक थोर माणूस होऊन गेला (१९४६-२०१५). लहान रणगाड्यांना चिखल कसा लावावा, शिपायाचा कोट कसा विटवावा हे त्याने १९७० नंतरच्या काळात हजारो मुलांना शिकवले. त्याचे नाव शेपर्ड पेन. आडनाव ऐकून मला वाटले, हा आपलाच कोणी, दोन पिढ्यांपूर्वी बोटीने गेलेला!

असो. गोष्ट एवढ्यावर थांबती तर लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मुलाचे मावळे पाहिले आणि कारखान्याला मोठी मागणी दिली : गणपती हवेत, पण अँटिक. जुन्या पितळेसारखे दिसणारे, खळग्यांत काळपट, वर घासून उजळलेले. पैसे चांगले होते आणि त्या वर्षी पैशांची गरजही होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये विसर्जनाची नियमावली सुधारली, तेव्हापासून प्लॅस्टरच्या मूर्तींचे भवितव्य टांगणीलाच होते. २०२५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्या घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडायला नाही. तोवर कच्चा माल घ्यावा की न घ्यावा या विवंचनेत कारखानदारांचे कित्येक महिने गेले होते. काकांच्या डोक्यावर कर्ज होते. तरी ते म्हणाले, नाही.

"देवाला मळ लावायचा नाही."

"बाबा, तो मळ नाही, सावली आहे."

"सावली मीही देतो. पीतांबराची सावली गडद पिवळ्याने देतो, सोवळ्याची गडद लालाने. तपकिरी कशाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मूर्ती चतुर्थीला येते नि दहा दिवसांत जाते. तिला जुनं व्हायला वेळच कुठे असतो?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. मनातून मी मुलाच्या बाजूचा होतो. घर चालायला हवे. परंतु काकांच्या बोलण्यात श्रद्धेइतकेच कारागिरीचे तर्कशास्त्र होते. रोगणाचे काम पाणी बाहेर ठेवणे. शाडूच्या मूर्तीचे काम पाण्यात विरून जाणे. विरघळणाऱ्या वस्तूला न विरघळणारे कवच चढवायचे हा उलटाच न्याय. नियमावलीही अशा मूर्तीवर विषारी रासायनिक रंग नकोत असेच सांगते.

रोगण हा तसा विश्वासाचा प्राणी नाहीच. आज पारदर्शक दिसते, वर्षांनी पिवळे पडते. रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे १६४२ मधले नागरी सैनिकांचे एक भव्य चित्र ॲमस्टरडॅमला आहे. जग त्याला 'रात्रीचा पहारा' म्हणून ओळखते. चित्रातली वेळ दिवसाची आहे. वरचे रोगण काळवंडत गेले आणि लोकांनी ती रात्र ठरवली. १९४० नंतरच्या दशकात ते रोगण काढले तेव्हा ऊन दिसले. नाव मात्र बदलले नाही.

आणि पुढे जे घडले ते याच जातीचे. काकांना मोतीबिंदू होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या भिंगावर चढलेला पिवळट-तपकिरी हातच. माणसाला तो कळत नाही, कारण सारे जगच हळूहळू पिवळे होत जाते. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या डोळ्यावर १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली ती याचसाठी. काकांची झाली चैत्रात. पट्टी सुटली आणि ते कारखान्यात आले. फळीवर आदल्या वर्षीच्या न विकलेल्या चारपाच मूर्ती होत्या. एकेक उचलून त्यांनी उजेडात धरली. दोन मूर्तींचे निळे शेले भलतेच भडक होते. बाकीच्यांचे बरोबर होते. काका बराच वेळ त्या बरोबर असलेल्या मूर्तींकडे पाहत होते. आपला हात कोणता हे कारागिराला कळतेच. गेली दोन-तीन वर्षे मुलगा रात्री सारे निजल्यावर वडिलांचे रंग सुधारत होता, आणि त्याने ते कोणाला, मलाही, सांगितले नव्हते.

ते मुलाला काही बोलले नाहीत. त्या वर्षी ज्येष्ठात आखणी सुरू झाली तेव्हा कुंचला त्याच्या हातात दिला आणि स्वतः उठून पंखा बंद केला.

अँटिक गणपती त्यांनी केले नाहीतच. व्यापाऱ्याला तोड सुचवली : वासुदेव घ्या, धनगर घ्या, कोळीण घ्या, ही माणसे तुमच्या कपाटात वर्षानुवर्षे राहणार, त्यांना जुने करू. मागणी निम्म्यावर आली आणि कर्ज अजून फिटलेले नाही. पण धनगराची पहिली जोडी तयार झाली तेव्हा काका स्वतः खुर्ची ओढून बसले. मुलाने म्हाताऱ्या धनगराचे डोळे शुभ्र ठेवले होते. काकांनी त्या शुभ्रावर पातळ पिवळटाचा, दिसेल न दिसेल असा, एक हात दिला. "म्हाताऱ्याचा डोळा इतका पांढरा नसतो रे," एवढेच म्हणाले.

आता किल्ल्याचे सांगून संपवतो. तैलरंगाचा हात वाळायला दोन-चार दिवस लागतात, हवेत दमट असेल तर अधिक. पुरता वाळल्याशिवाय शेवटचे मॅट रोगण मारू नये. पाऊस रेंगाळत असेल तर तो फवारा मुळीच मारू नये. दमट हवेत रोगणावर पांढरी वाफ धरते आणि मावळा भस्म फासल्यासारखा दिसतो. रोह्याला धावीर महाराजांची पालखी झाली की बहुधा हवा कोरडी होऊ लागते. त्या सुमारास रंग काढावेत, वसुबारसेच्या आत तेलाचा हात पुरा व्हावा, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, पणत्या लागण्याच्या बऱ्याच आधी, रोगण. अळीव मात्र चार दिवस अगोदर पेरायला विसरू नका.