हद्द आखली जात होती तेव्हा आपण मांडवात होतो

पुणे महापालिकेची प्रारूप प्रभागरचना २२ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाली. हरकती द्यायला ४ सप्टेंबरपर्यंत मुदत होती. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. म्हणजे चौदा दिवसांपैकी पहिले पाच मोकळे, त्यातले दोन शनिवार-रविवार, आणि उरलेले सगळे ढोल-ताशात. हे कुणी ठरवून केलं असा माझा दावा नाही. निवडणुका आणखी लांबवू नका, असं सुप्रीम कोर्टानं मे महिन्यातच बजावलं होतं, त्यामुळे घाई होतीच. पण शहराचे तुकडे कसे पाडायचे यावर नागरिकांनी बोलायची एकमेव वेळ मोदकांच्या आठवड्यात यावी आणि त्याचं कुणालाच काही वाटू नये, हे मला खटकतं.

माझा राग वेळापत्रकावर थोडा आणि ‘जागरूक नागरिक’ म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांवर जास्त आहे. टेकडी वाचवा, नदी वाचवा, झाडं वाचवा, फुटपाथ मोकळे करा, कचरा वर्गीकरण करा. आपल्या शहरांत यातल्या प्रत्येक विषयाला एक ग्रुप आहे आणि त्यात मनापासून राबणारी माणसं आहेत. नदीकाठच्या प्रकल्पावर हरकत द्यायची म्हटली की रात्रीत मसुदा तयार होतो, लिंक फिरते, सह्या होतात. प्रभागरचनेचं नाव काढलं की तीच माणसं म्हणतात, “ते राजकारणी लोकांचं. आपण अराजकीय आहोत.”

मग ते खरोखरच राजकारणी लोकांचं होतं. महापालिकेच्या मुख्य इमारतीत लावलेल्या नकाशासमोर कोण उभं असतं ते एकदा जाऊन बघा. इच्छुक, माजी, माजींचे कार्यकर्ते. मोबाईलवर फोटो काढून झूम करत असतात. आपली गल्ली आत आहे की बाहेर, आपल्याला न मिळणारी मतं कुठे गेली, एवढंच त्यांना बघायचं असतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांचा धंदाच तो आहे. आपला धंदा काय होता?

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा खेळ कळत नाही. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ ला एक सदस्य, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०२२ साठी पुन्हा तीन ठरले, ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवक असा आराखडाही आला. मग राज्यातलं सरकार बदललं आणि तो केराच्या टोपलीत गेला. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये जी निवडणूक झाली ती ४१ प्रभागांची आणि १६५ नगरसेवकांची : चाळीस प्रभागांत चार-चार, एकात पाच. मुंबईत मात्र सगळा काळ एका वॉर्डाला एकच नगरसेवक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दर रिलीजला कुणी डेटाबेसची रचना मुळापासून बदलायला लागलं, तर पहिला प्रश्न हाच येईल की यात फायदा कुणाचा? तो प्रश्न विचारणारे आपल्याकडे फक्त विरोधी पक्षात असतात, आणि तेही विरोधात असेपर्यंतच.

मार्च २०२२ ची गोष्ट तर फारच कमी लोकांच्या लक्षात आहे. तोवर प्रभागरचना हे राज्य निवडणूक आयोगाचं काम होतं. विधिमंडळानं कायदा बदलून ते अधिकार राज्य सरकारकडे घेतले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांनी हे एकमतानं मंजूर केलं. निमित्त ओबीसी आरक्षणाच्या पेचाचं होतं आणि तो पेच खराच होता. पण आता मसुदा आयुक्त तयार करतात, तो नगरविकास विभागामार्फत पुढे जातो आणि आयोगाची मान्यता शेवटी लागते. ज्यांना निवडणूक जिंकायची आहे, मैदानाची आखणी त्यांच्याच हाताखाली होते. त्यात राज्यघटनेचं कलम २४३ झेडजी असं सांगतं की प्रभागांच्या आखणीसंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात तपासता येत नाही. कोर्टाचा दरवाजा असा जवळजवळ बंद असल्यामुळे ती चौदा दिवसांची खिडकी फार मोलाची ठरते.

नियम काय सांगतात? प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालते. पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी साधारण ८४ हजार. जनगणनेचा सर्वांत लहान तुकडा, म्हणजे प्रगणक गट, शक्यतो फोडायचा नाही. हद्द मोठे रस्ते, नदी, नाले, रेल्वेमार्ग अशा ठळक रेषांवरून न्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचं विभाजन करायचं नाही. सुरुवात उत्तरेकडून, शेवट दक्षिणेकडे. नियम चांगले आहेत. गंमत पुढे आहे.

पहिली गंमत लोकसंख्येची. आकडे २०११ च्या जनगणनेचे, कारण त्यानंतर जनगणनाच झाली नाही. जून २०२१ मध्ये पुण्यात २३ गावं आली. वाघोली, म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, मांजरी. तिथल्या वीस-वीस मजली इमारती ज्या शेतांवर उभ्या आहेत, ती शेतं २०११ च्या नोंदीत शेतंच आहेत. त्यामुळे कागदावर दोन प्रभाग सारखे असतात आणि मतदार यादीत एक दुसऱ्याहून कितीतरी फुगलेला. बाहेरच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाचं मत पेठेतल्या मतापेक्षा हलकं आहे. पाण्याचा टँकर विकत घेणारे आणि ज्यांच्या मताचं वजन कमी, ते बहुतेक तेच लोक. यावर एकाही फेडरेशननं आंदोलन केलेलं मी पाहिलं नाही. टँकरवर मात्र दर उन्हाळ्यात करतात.

दुसरी गंमत वस्तीची, आणि ती जास्त गंभीर आहे. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा कुठल्या प्रभागात जाणार, हे त्या प्रभागातल्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या टक्केवारीवर ठरतं, उतरत्या क्रमानं. समजा, ८० हजारांच्या प्रभागात अशी १२ हजार लोकसंख्या आहे, त्यातली ९ हजार एकाच वस्तीत. टक्केवारी १५. आता त्या वस्तीच्या मधून रेष नेली आणि निम्मी वस्ती शेजारी ढकलली. उरले साडेसात हजार. प्रभागाची एकूण संख्या दुसरीकडून भरून काढली तर टक्केवारी साडेनऊच्या आसपास येते आणि प्रभाग क्रमवारीत घसरतो. आरक्षण दुसरीकडे जातं, इथली जागा कुणासाठी तरी मोकळी होते. नकाशावर हे एका छोट्या वळणासारखं दिसतं. हे वळण कुणी, का घेतलं, याचा माग काढायला तुम्हाला वकील लागत नाही, एक शीट आणि बेरीज-भागाकार लागतो. प्रत्येक प्रभागाची एकूण, अनुसूचित जातींची आणि जमातींची लोकसंख्या मसुद्यासोबत छापलेली असते.

आम्ही सात जणांनी आमच्या भागापुरतं हे करून पाहिलं. शहराचं नाव सांगत नाही, तुमच्या शहरातही चित्र फार वेगळं नसेल. पीडीएफ नकाशावरची रेष संगणकावरच्या नकाशावर उतरवायला दोन रात्री गेल्या. हद्दीचं वर्णन मराठीत गद्यात असतं : अमुक चौकापासून नाल्याने पूर्वेस तमुक पुलापर्यंत, तेथून दक्षिणेस. प्रगणक गटांच्या हद्दी सहजासहजी मिळत नाहीत, त्या विचारत फिरावं लागलं. मग कळलं की टिकणारी हरकत एका विशिष्ट प्रकारची असते. ‘आमचा भाग जुन्याच प्रभागात ठेवा’ ही मागणी झाली. ‘हे तीन गट इकडे घ्या, ते दोन तिकडे द्या, दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांत राहतात, वस्ती अखंड राहते, हा नकाशा’ ही हरकत. एका बाजूनं काढलेलं दुसऱ्या बाजूला जातं, त्यामुळे शेजारचं गणितही तुम्हालाच सोडवून द्यावं लागतं. कोडिंग करणाऱ्या कुणालाही हे कोडं आवडेल. रील्सपेक्षा तर नक्कीच.

सुनावणीला आमच्या वाट्याला दोनेक मिनिटं आली. समोरच्या अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, “मग शेजारचा प्रभाग किती होतो?” आकडा तयार होता. दोन मागण्यांपैकी एक मान्य झाली. दुसरी का नाकारली ते कुठेही लिहिलेलं सापडलं नाही.

पण खरी भांडणं सुनावणीच्या आधी झाली, आमच्या आमच्यात, आणि ती सांगितल्याशिवाय नागरिकांच्या सहभागाचं कौतुक करणं खोटं ठरेल. आमच्या सोसायट्या आणि पलीकडची वस्ती यांच्यामध्ये नाला आहे. ग्रुपमधल्या एका निवृत्त काकांनी सुचवलं की हद्द नाल्यावरून न्यावी. “नैसर्गिक हद्द आहे रे, नियमातच लिहिलंय.” नियमात लिहिलंय, खरंच आहे. आणि त्याचा अर्थ वस्ती आमच्या प्रभागातून बाहेर जाणं हाही खरा. बैठकीला वस्तीतल्या बचत गटाच्या एक ताई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, तो नाला आम्ही रोज ओलांडतो. तुमच्याकडं कामाला येताना. पोरांची शाळा तुमच्या बाजूला, दवाखाना तुमच्या बाजूला. नगरसेवक तेवढा पलीकडचा व्हय?” काका गप्प बसले. पटले मात्र नाहीत, पुढच्या बैठकीला आलेच नाहीत.

मला भीती वाटते ती याची. राजकारण्यांच्या हातातून रेष काढून ती मध्यमवर्गीय फेडरेशनांच्या हातात दिली, तर ‘आमचा स्वच्छ प्रभाग’ आणि ‘त्यांचा’ अशी शहरं तयार होतील, आणि तीही नियमांत बसवून. म्हणून ज्या ग्रुपमध्ये वस्तीतलं कुणी नाही, भाडेकरू नाही, दुसरी भाषा बोलणारं कुणी नाही, त्यानं प्रभागरचनेवर नागरिकांच्या नावानं बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी सोसायटीच्या नावानं बोलावं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण इथे घेतो. मतदारसंघ सोयीनं वाकवण्याला तिकडे दोनशे वर्षं जुना शब्द आहे, जेरीमँडरिंग. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेहे या सत्तावीस वर्षांच्या तरुणीनं फेसबुकवर विचारलं की यावर काही करायला कुणी येतंय का. तिला ना पक्ष होता ना पद. त्यातून उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांनी चार लाखांहून जास्त सह्या जमवल्या, आणि २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी राज्यघटनेत बदल मंजूर करून रेषा आखायचं काम तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाला दिलं : चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठलेच नाहीत. कथा इथे संपत नाही. डेट्रॉइट परिसरातल्या तेरा मतदारसंघांच्या रेषा वंशाच्या आधारावर आखल्या म्हणून तिथले कृष्णवर्णीय मतदार कोर्टात गेले, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये कोर्टानं त्या रेषा घटनाबाह्य ठरवल्या. नागरिकांचा आयोगही चुकतो. फरक असा की त्यांच्या बैठका जाहीर होत्या, चर्चा नोंदवलेली होती, त्यामुळे कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता आलं. आमची दुसरी हरकत का फेटाळली, त्यावर मी कशावर बोट ठेवू?

मागायचं काय, हे त्यामुळे फार गुंतागुंतीचं नाही. मसुदा ठरण्याआधी गटवार लोकसंख्या आणि हद्दी सगळ्यांना द्या, पीडीएफच्या चित्रात नाही, संगणकाला वाचता येईल अशा फायलीत. प्रत्येक फेटाळलेल्या हरकतीचं कारण दोन ओळींत लिहा. मुदत सणात टाकू नका. प्रभागात किती सदस्य, हे एकदा ठरवा आणि पुढची काही निवडणुका त्याला हात लावू नका. आणि आखणीचे अधिकार आयोगाकडे परत द्या. शेवटचं कुठलाही पक्ष आपणहून देणार नाही, कारण २०२२ ला सगळ्यांनी मिळूनच ते घेतले आहेत. जाहीरनाम्यात ते असावं असं प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला मात्र हरकत नाही. चार नगरसेवक आहेत, चौघांना विचारा. खड्ड्याबद्दल विचारलं की चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात, हे तसं दाखवता येणार नाही.

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. घरं मोजताना नवे गट पडतील, आणि पुढच्या प्रभागरचनेचा कच्चा माल तेच असतील. आमच्या शीटमध्ये त्यासाठी नवा टॅब उघडलाय. सोसायट्यांची यादी मी भरतोय. वस्तीतल्या गल्ल्यांची नावं ताई भरतायत, कारण त्यांतल्या निम्म्या गल्ल्या कुठल्याच ऑनलाइन नकाशावर नाहीत. नाल्यावरचा पूल कुठल्या गटात दाखवायचा, यावर कालच वाद झाला.