लडाइट यंत्राच्या विरोधात होते काय?



हिशेब मागितला की "तुम्हाला नवे तंत्र नको आहे" असे ऐकवण्याची शहाण्यांची रीत आहे. दाखला इंग्लंडच्या लडाइटांचा देतात: यंत्रे फोडणारे अडाणी लोक. तो दाखला एकदा तपासू.

मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळ आर्नल्ड गावात पायमोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडले. हा माग काही नवा नव्हता. विल्यम ली याने तो १५८९ साली बनवला. बापजादे त्यावरच जगले. मग राग कशाचा? बहुतेकांचा माग भाड्याचा. व्यापारीच सूत देणार, माल घेणार, मजुरी ठरवणार आणि मागाचे भाडे आधी कापून घेणार. काम कमी असले तरी भाडे चालूच. बियाणे-औषध उधार देणाऱ्याच्याच काट्यावर ज्यांनी कापूस घातला, त्यांना हे उलगडून सांगायला नको. त्यात काही व्यापारी रुंद मागावर कापड विणून, ते कापून-शिवून मोजे करीत. ते लवकर उसवत, आणि बदनामी चांगल्या मालाचीही होई. म्हणून फोडाफोड सरसकट नव्हती. ठरली मजुरी देणाऱ्याचे माग शाबूत राहत.

यॉर्कशायरमध्ये मात्र यंत्र खरोखर नवे होते. लोकरी कापडाची लव कातरणाऱ्यांचा धंदाच बुडत होता. ते आधी जुन्या कायद्याचा आधार घेऊन पार्लमेंटकडे गेले. पार्लमेंटने १८०९ मध्ये तो कायदाच रद्द केला. संघटना करण्यावर १७९९ पासून बंदी. उरला घण. त्याला ते 'इनॉक' म्हणत, कारण मार्सडेनचा इनॉक टेलर घणही घडवी आणि कातरयंत्रेही!

एप्रिल १८१२ मध्ये विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा गोळी घालून खून झाला. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्याआधीच सरकारने माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली होती. कवी बायरन लॉर्डांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलला. उपयोग झाला नाही. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जण फासावर गेले.

मोजे विणणाऱ्यांनी सनदशीर वाटही सोडली नव्हती. धंद्यातली लबाडी रोखणारे त्यांचे विधेयक १८१२ मध्ये कॉमन्सने मंजूर केले, लॉर्डांनी फेटाळले. मजुरीतून मागाचे भाडे कापणे कायद्याने थांबले ते १८७४ साली. आर्नल्डला माग फुटल्याला तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती.