थकबाकीपोटी सामान अडवण्याचा हक्क सोसायटीला नाही

"आधी मेंटेनन्स भरा, मग सामान न्या." दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावांतून पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांना हे वाक्य ऐकून घ्यावं लागतं. बदली झाली की फ्लॅट भाड्याने जातो आणि उरलेलं सामान सोसायटीच्या सामाईक खोलीत ठेवलं जातं. कूलर, लग्नातली भांडी, एखादी पत्र्याची पेटी. त्या पेटीत मुलीची टीसी आणि जातीचा दाखला असतो. जूनमध्ये प्रवेशाची मुदत संपत येते, बाप गावाहून धावत जातो, तर खोलीला नवं कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडे. हा सरळसरळ अन्याय आहे. त्याच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद तपासले, तर एकही टिकत नाही.

पहिला युक्तिवाद : पैसे अडकले की माल अडवायचा, ही जगरहाटीच आहे, बाजार समितीसुद्धा शेतकऱ्याचं सोयाबीन ठेवूनच पैसे देते. हे खरं आहे, पण तिथे शेतकरी स्वतः सही करून माल तारण ठेवतो. त्याला पावती मिळते, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याजाचा दर आणि मुदत आधी ठरलेली असते. सामाईक खोलीत पेटी ठेवणाऱ्याने कुठल्या तारणपत्रावर सही केली? १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७१ स्वच्छ आहे. जुन्या येण्यापोटी ताब्यातला माल अडवण्याचा सर्वसाधारण हक्क त्याने बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातले वकील आणि विमा दलाल एवढ्यांनाच दिला आहे. इतर कुणालाही स्पष्ट करार असल्याशिवाय तो नाही. या यादीत गृहनिर्माण संस्था नाही. वकिलांचं नाव यादीत असूनही, फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रं वकिलाला अडवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. वकिलाला जे जमत नाही, ते सेक्रेटरीला कसं जमेल?

दुसरा युक्तिवाद : आमसभेने तसा ठराव केला आहे. ठराव उपविधींच्या वर नसतो आणि उपविधी कायद्याच्या वर नसतात. शंभर हात वर झाले म्हणून दुसऱ्याच्या पेटीवर मालकी येत नाही.

तिसरा युक्तिवाद : कायद्याने वसुली करायला वेळ लागतो, तोवर लिफ्टचं बिल आणि वॉचमनचा पगार कुणी द्यायचा? ही अडचण खरी आहे. थकबाकीदाराचा भार नियमित भरणाऱ्या शेजाऱ्यांवर पडतो आणि तो अन्यायच आहे. पण म्हणूनच कायद्याने संस्थेला भक्कम हत्यार दिलं आहे. निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवता येतो आणि त्यावर वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्तीही होते. ती जप्ती रीतसर, पंचनाम्यानिशी होते. कमिटीने रात्री लावलेल्या कुलपाला जप्ती म्हणत नाहीत.

चौथा मुद्दा आगीचा : जिना आणि वाहनतळ मोकळे हवेत. हे पूर्णपणे मान्य. वाटेत पसरलेलं सामान हलवायला सांगणं हे कमिटीचं कर्तव्यच आहे. पण हलवायला सांगणं वेगळं आणि न्यायला आलेल्याला अडवणं वेगळं. सामान कोंडून ठेवल्याने जिना मोकळा होत नाही.

मग करावं काय? सामाईक खोलीसाठी नोंदवही ठेवा. सामान ठेवताना यादी करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, पावती द्या, जागेचं भाडं आणि मुदत लिहा. मुदत संपली की लेखी नोटीस पाठवा. मालक आला की यादीप्रमाणे सामान त्याच्या हवाली करा, आणि थकबाकीची वसुली निबंधकाच्या मार्गाने स्वतंत्रपणे चालवा. सभासदांनीही बाकी भरण्याची टाळाटाळ करू नये, आणि पावती घेतल्याशिवाय खोलीत काहीही ठेवू नये.

कमिटीवरच्या मंडळींना एकच सांगणं आहे. थकबाकीची पैन्‌पै वसूल करा, पण ते कुलूप आजच काढा.