धाकट्या पुत्राचा वांटा

आपल्याकडील एकत्र कुटुंबांत वडिलोपार्जित मिळकतीवर सर्व मुलांचा वांटा असतो. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या सरदार घराण्यांत मात्र पदवी व जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जाई. धाकट्यांनीं सैन्य, वकिली किंवा धर्मोपदेशकाची वृत्ति पाहावी, अशी रीत होती. या रीतीचें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

जॉर्ज स्पेन्सर हे दुसरे अर्ल स्पेन्सर यांचे सर्वांत धाकटे पुत्र. त्यांचा जन्म १७९९ सालीं झाला, तेव्हां वडील आरमाराचे मुख्य मंत्री होते. त्यांचा आल्थॉर्प येथील ग्रंथसंग्रह युरोपभर प्रसिद्ध होता. ज्येष्ठ बंधु १८३० सालीं अर्थमंत्री झाले. जॉर्ज यांचें शिक्षण ईटन येथें व केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत झालें. त्या काळीं तेथें उमरावपुत्रांस परीक्षेवांचूनही पदवी मिळे. पुढें धर्मदीक्षा घेतल्यावर आल्थॉर्पनजीकच्या ब्रिंग्टनचें धर्मोपदेशकपद त्यांस मिळालें. तें देणें घराण्याच्याच हातीं होतें.

पण नेमून दिलेल्या जागेवर मन स्वस्थ बसलें नाहीं. १८३० सालीं त्यांनीं रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला व तें पद सोडलें. १८४७ सालीं ते पॅशनिस्ट संघांत शिरून इग्नेशियस झाले, आणि १८६४ सालीं मृत्यु येईपर्यंत निष्कांचन राहिले.

घर मुलास विद्या देऊं शकतें, जागाही देऊं शकतें. त्या विद्येनें उठविलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मात्र त्याचीं त्यानेंच शोधावयाचीं असतात. वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानीं ठेवावें, असें आम्हांस वाटतें.