दोघांचा वेग

जिल्ह्याच्या गावांतही आता रविवारी पहाटे सायकलस्वारांचे घोळके दिसू लागले आहेत. त्यात डॉक्टर असतात, शिक्षक असतात, किराणा दुकानदार आणि बँकेतले कर्मचारीही असतात. त्यांच्यातल्या अनेकांचा प्रवास पुढे ‘ब्रेव्हे’पर्यंत जातो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने कापायचे, असा हा उपक्रम. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेतल्या नेमून दिलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा किंवा वेळ छापलेली पावती जपून ठेवायची. ही शर्यत नव्हे. नऊ तासांत आलेला आणि वेळ संपायला दहा मिनिटे असताना धापा टाकत आलेला, दोघांच्या नावापुढे नोंद एकच : पूर्ण.

बहुतेक जण यात कुणा मित्राच्या आग्रहाने येतात. ‘तू नाव दे, मग मीही देतो,’ अशी सुरुवात होते. पण दोघांचे पाय सारखे नसतात. एकाला चढ सोपा जातो, दुसऱ्याला नाही. एकाला उन्हात भूक लागते, दुसऱ्याला अन्न नकोसे होते. दीडशे किलोमीटरनंतर एक जण दमला आणि घड्याळ पुढे पळत असले, तर दुसऱ्याने काय करावे? थांबावे की निघून जावे?

या प्रश्नाला इतिहासात दोन उत्तरे आहेत. १८९७ मध्ये इटलीत काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला एका दिवसात गेले. त्यातून ‘ऑडॅक्स’ हे नाव आले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धाडसी. १९०४ मध्ये ही पद्धत फ्रान्समध्ये रुजली. तिच्यात गटाला एक कप्तान असे आणि वेग बांधलेला असे. कुणी त्याच्या पुढे जायचे नाही. सगळ्यांनी एकत्र पोहोचायचे. पुढे १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने मोकळ्या वेगाचे ब्रेव्हे सुरू केले. प्रत्येकाने आपापल्या ताकदीने जावे. भारतात आज होणारे ब्रेव्हे याच दुसऱ्या वळणाचे आहेत. म्हणजे कार्ड ज्याचे त्याचे, वेळ ज्याची त्याची. मित्राचे काय करायचे, यावर नियमावली गप्प आहे.

ती गप्प आहे म्हणूनच मित्राची जबाबदारी वाढते. काही अनुभवी स्वार म्हणतात, हा स्वावलंबनाचा खेळ आहे, इथे कुणी कुणासाठी अडू नये. स्वावलंबनाचा नियम खराच आहे. मागून गाडी आणून पाणी देणे, सामान वाहणे चालत नाही; बाहेरची मदत फक्त नेमलेल्या थांब्यांवर घेता येते. पण सोबतच्या स्वाराने पंक्चर काढायला हात लावला, आपल्या बाटलीतले पाणी दिले, तर नियम आड येत नाही. शिवाय मोकळा वेग याचा अर्थ फक्त जोरात जाण्याची मोकळीक, असा कुठे आहे? मित्रासाठी हळू जाण्याची मोकळीकही त्यातच येते.

सोबतीचा फायदा नुसता भावनिक नाही. समोरून वारा असताना पुढच्याच्या मागे राहणाऱ्याची बरीच ताकद वाचते. आलटून पालटून पुढे राहिले तर दोघेही कमी दमतात. मात्र त्यासाठी सवय लागते. पुढच्याने हाताने खड्डा दाखवायचा, अचानक ब्रेक दाबायचा नाही. मागच्याने आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला भिडू द्यायचे नाही. चारशे, सहाशेच्या फेरीत रात्री तीनच्या सुमारास डोळे मिटायला लागतात. त्या वेळी बोलणारा माणूस शेजारी असणे ही सुरक्षेचीच गोष्ट आहे. मालमोटारींच्या हमरस्त्यावर एका झोपाळू स्वारापेक्षा, दिवे लावलेले आणि चमकते जॅकेट घातलेले दोन स्वार चालकाच्या नजरेत लवकर भरतात.

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही या प्रकारातली सर्वात मानाची फेरी. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता चार वर्षांतून एकदा होते. अंतर १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त मुदत ९० तास. २०१९ मध्ये भारतातून गेलेल्या स्वारांपैकी बहुतेकांना मुदतीत परतता आले नाही. समोरचा वारा होता, रात्रीची थंडी होती. ती माणसे कच्ची नव्हती. पात्रतेच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण करूनच तिथे पोहोचली होती. वेळ हुकणे ही या खेळातली नेहमीची गोष्ट आहे, एवढे त्यातून कळावे. कार्ड पुढच्या वर्षी पुन्हा मिळते.

सोबत करण्याचेही एक कसब असते. खंबाटकीसारख्या घाटात वेगवान मित्र वर जाऊन थांबतो. मागचा धापा टाकत पोहोचला, की पहिला लगेच म्हणतो, ‘चला!’ वाट पाहणाऱ्याची विश्रांती झालेली असते, मागून येणाऱ्याची झालेली नसते. याला सोबत म्हणत नाहीत. मागून आलेल्याला पाणी पिऊन श्वास घेऊ द्यावा आणि आधी त्यालाच निघू द्यावे.

हळू जाणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे. गुडघा दुखत असताना ‘चालेल, चालेल’ म्हणत राहणे ही हिंमत नव्हे. वेळेवर सांगितले तर वेग कमी करता येतो, किंवा ‘तू पुढे जा’ असे मोकळ्या मनाने म्हणता येते. कधी कधी वेगळे होणे हाच शहाणपणा असतो. फक्त ते ठिकाण उजेडाचे आणि माणसांचे हवे, ढाबा किंवा पेट्रोल पंप. मागे राहणाऱ्याच्या घरी फोन गेलेला हवा, परतायची सोय ठरलेली हवी. अंधाऱ्या रस्त्यावर दमलेल्या मित्राला एकटे सोडून मिळवलेल्या ‘पूर्ण’ या नोंदीला काही किंमत नाही.

अरबीत एक जुनी म्हण आहे : आधी रफीक, मग तरीक. रफीक म्हणजे सोबती, तरीक म्हणजे वाट. रफीक नावाची माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात, पण नावाचा अर्थ क्वचितच कुणाला आठवतो. ब्रेव्हेचा अर्ज भरण्याआधी दोघांनी एखाद्या रविवारी शंभर किलोमीटर एकत्र जाऊन यावे. कोण कुठे दमतो, कुणाला कशाचा राग येतो, कोण दुखणे लपवतो, हे तिथे कळते. वेग हळू असणाऱ्याचा धरायचा, किती वेळ थांबायचे आणि वेगळे व्हायचे तर कुठे, हे घरीच ठरवावे. दीडशे किलोमीटरनंतर ठरवायला बसले, तर निर्णय मैत्री घेत नाही, थकवा घेतो.