हाताने शिकायचा विषय
ओबेद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुण्यात 2006 पासून आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. एवढी परंपरा असलेल्या राज्यात विद्यार्थ्याने पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राच्या, पायऱ्या नुसत्या पाठ कराव्यात, हे पटत नाही.

डीएनएचे तुकडे वेगळे करणारे जेल इलेक्ट्रोफोरेसिसच घ्या. मायक्रोपिपेटने 10 मायक्रोलिटर नमुना जेलच्या खाचेत सोडताना हात थरथरतो. टोक जरा खोल गेले की जेल फाटते, नमुना वाया जातो. वीज सुरू झाली की ऋणभारित डीएनए धन टोकाकडे सरकू लागतो. लहान तुकडे पुढे, मोठे मागे. हे स्वतः केलेल्यालाच पुस्तकातली आकृती खरी कळते.

महागडी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाहीत. म्हणून विद्यापीठांनी जिल्ह्याजिल्ह्यांत सामायिक प्रयोगशाळा उघडाव्यात आणि प्रात्यक्षिकाचे गुण प्रत्यक्ष कामावरच द्यावेत.